स्क्रीनशॉटच्या आधीचे स्क्रीनशॉट: भुसावळ, धुळे, जळगाव

टॅबवर स्क्रीनशॉट कसा काढायचा, या प्रश्नाचं उत्तर तसं एका ओळीत संपतं. पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबा, झालं. आता इतिहासाच्या पॉडकास्टवर हे कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं कारण आपला खानदेश आहे. समोर जे दिसतंय ते आत्ताच्या आत्ता, जसंच्या तसं उचलून आपल्याकडे ठेवायचं, हे काम आपल्या जळगाव-धुळ्याच्या आसपास बटणं नव्हती तेव्हापासून चालू आहे. कुणी तैलरंगात केलं, कुणी बोरूनं, कुणी वहीत पेन्सिलीनं. त्यातल्या काही नकला टिकल्या, काही जळाल्या, आणि काहींनी मूळ वस्तूचंच नुकसान केलं.

तहसील कचेरीत गेलात तर 'नक्कल' हा शब्द रोज कानावर पडतो. सातबाऱ्याची नक्कल, फेरफाराची नक्कल. आपण गावाकडे नकला करणं म्हणजे टिंगल समजतो, पण कागदपत्रांच्या दुनियेत नक्कल हा मानाचा शब्द आहे, आणि त्याची जोडी आहे 'अस्सल'. आजच्या भागात हे दोन शब्द लक्षात ठेवा. स्क्रीनशॉट ही नक्कल आहे. ती अस्सलच्या किती जवळ आहे, हे ती कशी काढली यावर ठरतं. म्हणून टॅबवरचे प्रकारही मी मधेमधे सांगत जाणार आहे.

आधी बटणांचा इतिहास, थोडक्यात. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, त्याच्या कीबोर्डवर 'प्रिंट स्क्रीन' असं लिहिलेली कळ होती. ती दाबली की खरोखर प्रिंट व्हायचं! पडद्यावरची अक्षरं सरळ प्रिंटरकडे जायची आणि कागद खरखर करत बाहेर यायचा. पुढे विंडोजमध्ये त्याच कळीनं चित्र मेमरीत जायला लागलं आणि ते कुठेतरी पेस्ट करावं लागायचं. नाव मात्र तेच राहिलं. आज लॅपटॉपवर ती कळ दाबणाऱ्या पोरांनी तिच्यामुळे प्रिंटर हललेला कधी बघितलेलाच नसतो.

टॅबचं म्हणाल, तर आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीला आला आणि पहिल्यापासून त्यात सोय होती: गोल होम बटण आणि वरचं बटण एकदम दाबायचं. अँड्रॉइडवाल्यांचे मात्र हाल होते. आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारनं विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब आणला, आठवतोय का कुणाला? सात इंची, स्वस्त, बोटानं जोर देऊन दाबावं लागणारा पडदा. त्यात अँड्रॉइडची २.२ आवृत्ती होती आणि तिच्यात स्क्रीनशॉटची सोयच नव्हती. कॉम्प्युटरला जोडून खटपट करा, नाहीतर दुसऱ्या मोबाइलनं पडद्याचा फोटो काढा. गंमत म्हणजे त्याच महिन्यात अँड्रॉइड ४.० जाहीर झालं आणि त्यात पॉवर आणि आवाज कमी ही जोडी आली. तीच आजपर्यंत चालू आहे. सॅमसंगनं त्या काळातल्या आपल्या टॅबवर तर खालच्या पट्टीत, बॅक आणि होमच्या शेजारी, स्क्रीनशॉटचं वेगळं चिन्हच दिलं होतं. टॅब दोन्ही हातांत धरलेला असताना कडेची दोन बटणं दाबणं किती अवघड असतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं. ते चिन्ह पुढे गेलं, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

होम बटण नसलेल्या नव्या आयपॅडवर वरचं बटण आणि आवाजाचं कुठलंही एक बटण. सरफेससारख्या विंडोज टॅबवर पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण. सॅमसंगच्या टॅबवर तळहाताची कड पडद्यावरून आडवी फिरवली तरी चालतं, सेटिंगमध्ये ते चालू असलं पाहिजे. शाओमी, वनप्लस, रियलमी यांच्यावर तीन बोटं वरून खाली ओढायची. बटण बिघडलं असेल तर सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जा. तिथे पडद्यावर तरंगणारं बटण मिळतं, आयपॅडवरही आणि अँड्रॉइडवरही, आणि त्यातून स्क्रीनशॉट निघतो. झाले बटणांचे प्रकार. आता घाटाकडे चला.

जळगावहून साठेक किलोमीटर गेलं की अजिंठ्याचा डोंगर लागतो. लेणी आहेत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पण तिथून निघालेली वाघूर नदी खाली आपल्याकडे उतरते, आणि वाघूर धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. म्हणजे अजिंठा आपल्याला परका नाही. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ही लेणी दिसली, आणि त्यानं दहाव्या लेण्यात, चित्रावरच, आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. पर्यटनस्थळी नाव कोरणाऱ्यांचा हा मूळपुरुष म्हणायचा! पण त्याच्या निमित्तानं जगाला कळलं की इथे भिंतींवर दीड हजार वर्षांहून जुनी चित्रं आहेत, आणि ती पडतायत. मातीच्या लेपावर काढलेले रंग. ओल, वटवाघळं, मधमाश्या, येणारे-जाणारे, सगळ्यांनी मिळून पोपडे निघत होते.

म्हणजे अडचण आपल्या ओळखीची आहे. स्टेटस चोवीस तासांत उडणार आहे, त्याआधी टिपून ठेवा. फक्त इथले चोवीस तास काही दशकांचे होते.

१८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं हे काम मद्रासच्या फौजेतल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला दिलं. हातात कॅनव्हास आणि तैलरंग, आणि काम काय, तर अंधाऱ्या लेण्यातल्या भिंतीवरचं चित्र मोठ्या आकारात हुबेहूब उतरवायचं. हा माणूस त्यासाठी अजिंठा गावात राहायला आला आणि जवळजवळ वीस वर्षं तेच करत राहिला. गिल आणि पारू यांच्या प्रेमाची कहाणी तुम्ही ऐकली असेल, २०१२ मध्ये त्यावर 'अजिंठा' नावाचा मराठी सिनेमाही आला. सगळे त्या कहाणीवरच थांबतात. मला मात्र त्याच्या कामाच्या पद्धतीत जास्त रस आहे. एक 'स्क्रीन' टिपायला त्याला आठवडेच्या आठवडे लागायचे, आणि त्या काळात प्रत्येक रेष त्याच्या डोळ्यातून, त्याच्या युरोपी शिक्षणातून जाऊन कॅनव्हासवर उतरायची. यंत्र तसं करत नाही. टॅब पडद्यावरचे ठिपके मोजून तेच ठिपके फाइलमध्ये लिहितो, त्याला काय सुंदर वाटलं याचा प्रश्न नसतो. पुढे गिलनं कॅमेराही हातात घेतला आणि त्याचे लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकांतून छापले गेले. म्हणजे एकाच माणसानं एकाच जागी टिपण्याचे दोन प्रकार वापरून बघितले.

आणि चित्रांचं काय झालं? ती लंडनला गेली. सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला लावली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी जळून गेली. मोजकीच वाचली, कारण ती तिथे टांगलेली नव्हती. वीस वर्षांचं काम, एकच प्रत, एकाच इमारतीत. बॅकअप नावाची गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही.

गिल इथून गेला नाही. १८७९ मध्ये तो वारला, आणि त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. भुसावळ म्हटलं की आपल्याला जंक्शन आठवतं, केळी आठवतात. अजिंठ्याची पहिली मोठी नक्कल करणारा माणूस तिथे मातीत आहे, हे भुसावळच्या किती पोरांना माहीत आहे?

गिलची चित्रं जळाल्यावर सरकारनं पुन्हा नक्कल करायची ठरवली. या वेळी काम गेलं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे. जॉन ग्रिफिथ्स हे तिथले शिक्षक, ते आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत थंडीच्या हंगामात लेण्यांत जाऊन चित्रं उतरवत होते. या विद्यार्थ्यांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे नावाजलेले चित्रकार झाले. मला इथे एक फरक महत्त्वाचा वाटतो. गिल एकटा होता, ही टोळी होती. भारतीय मुलं, आपल्याच भिंतीवरची चित्रं आपल्या हातानं उतरवणारी. आधुनिक भारतीय चित्रकलेची एक वाट या नकलांमधून गेली.

पण याच कामाची दुसरी बाजू सांगायलाच हवी. जुनं, धुळकट चित्र नीट दिसत नव्हतं, म्हणून नक्कल करणाऱ्यांनी भिंतीवरच्या मूळ चित्रांवर वार्निश फासलं. ओलं वार्निश लावलं की रंग उजळतात, रेष दिसते, काम सोपं होतं. काही वर्षांनी तेच वार्निश पिवळं पडलं, काळं पडलं, त्यात धूळ बसली. पुढे निजामाच्या काळात, १९२० च्या सुमाराला, इटलीहून तज्ज्ञ आणले गेले. त्यांनी सुटलेले पोपडे भिंतीला पक्के केले हे खरं, पण त्यांनीही लाखेचा थर दिला. तो काळसर थर काढण्याचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याला नंतर कित्येक वर्षं करावं लागलं. म्हणजे नक्कल चांगली यावी म्हणून अस्सल खराब केली! स्क्रीनशॉटच्या बाजूनं मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची असेल तर ही: तो काढताना मूळ पानाला ओरखडाही उठत नाही. हजार जणांनी काढला तरी नाही.

ग्रिफिथ्सच्या नकलाही लंडनला गेल्या, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. आणि तिथेही १८८५ मध्ये आग लागली. हो, परत! मोठा हिस्सा गेला. फरक एवढाच की या वेळी काम जास्त होतं, म्हणून उरलंही जास्त. उरलेल्यावरून १८९६-९७ मध्ये दोन जाडजूड खंड छापले गेले. छापलं म्हणजे प्रती झाल्या, त्या वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या कपाटांत गेल्या. त्यानंतर कुठलीही एक आग सगळं संपवू शकली नाही. आज भिंतीवरचे काही तुकडे पडून गेलेत, ते कसे होते हे कळायला ग्रिफिथ्सच्या मंडळींच्या नकलाच बघाव्या लागतात. १९०९ ते ११ मध्ये लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस वगैरे मंडळींना घेऊन आल्या, मग हैदराबादच्या गुलाम याझदानींनी १९३० पासून रंगीत फोटोंचे भाग छापले. ती कहाणी मोठी आहे, तिच्यासाठी वेगळा भाग करीन.

आता घाट उतरून, जळगाव ओलांडून धुळ्याला येऊ. तिथे चित्रं नाहीत, अक्षरं आहेत.

धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर नावाची संस्था आहे. नानासाहेब देव, म्हणजे शंकर श्रीकृष्ण देव, हे धुळ्यातले वकील. त्यांनी समर्थ रामदासांच्या आणि रामदासी मठांतल्या पोथ्या गावोगाव फिरून गोळा केल्या, त्या या ठिकाणी आहेत. त्यात समर्थांच्या हातचं म्हणून जपलेलं वाल्मीकी रामायण आहे. नीट ऐका, वाल्मीकींचं रामायण, समर्थांनी लिहून काढलेलं. म्हणजे ज्यांच्या ग्रंथाच्या नकला मठामठात झाल्या, त्यांनी स्वतःही बसून दुसऱ्याच्या ग्रंथाची नक्कल केली. कमीपणा नव्हता त्यात. पोथी मिळाली तर उतरवून घ्यायची, कारण उद्या ती परत करायची आहे. आपण लायब्ररीतल्या पुस्तकाचं पान टिपतो, तेच कारण.

जुन्या पोथ्यांच्या शेवटच्या पानावर नक्कल करणाऱ्याचं टिपण असतं. शक, संवत्सर, तिथी, गाव, कुणासाठी लिहिली, लिहिणाऱ्याचं नाव. आणि बऱ्याचदा एक ठरलेला संस्कृत श्लोक असतो, त्याचा भाव असा: समोरची पोथी जशी दिसली तशी मी उतरवली, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नका. दुसरा एक भाव असा की या पोथीला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. हे वाचलं की मला हसूच येतं, कारण आजच्या भाषेत ते 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड' आहे! फरक मोठा आहे मात्र. पोथीवाला आपलं नाव, गाव, तारीख देऊन ते म्हणतो. फॉरवर्डवाला काहीच न देता म्हणतो.

आता तुमच्या अँड्रॉइड टॅबवर जा आणि स्क्रीनशॉटच्या फाइलचं नाव बघा. 'स्क्रीनशॉट' या शब्दापुढे आकड्यांची माळ असते: वर्ष, महिना, दिवस, मग तास, मिनिटं, सेकंद. सॅमसंगवर तर शेवटी कुठल्या ॲपमधून घेतला, त्याचंही नाव जोडलेलं असतं. हेच ते पोथीच्या शेवटचं पान! तुम्ही काही न करता यंत्र ते लिहून ठेवतं. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की समोरच्याकडे फाइलचं नाव बदलतं. पाठवल्याची तारीख आणि एक क्रमांक, बस. मूळ नाव गेलं, चित्र दाबून लहान झालं, अक्षरांच्या कडा फुटल्या. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाव राहतं आणि दर्जाही राहतो. कामाच्या कागदाचा स्क्रीनशॉट असेल तर एवढं कराच.

धुळ्यातलंच दुसरं नाव म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. मूळचे कोकणातले, काम केलं अख्ख्या महाराष्ट्रभर, पण शेवटचा काळ धुळ्यात गेला, आणि ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांनी जमवलेल्या कागदांचा सांभाळ करायला. राजवाडे घरोघर जायचे, माळ्यावरची, कोनाड्यातली मोडी दप्तरं मागायचे. लोक वाळवी लागलेले कागद पाण्यात सोडत होते, चुलीत घालत होते, त्यातून त्यांनी पत्रं वाचवली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, एकूण बावीस खंड झाले.

राजवाड्यांचा हट्ट काय होता? बखर नको, अस्सल कागद दाखवा. बखर म्हणजे घडून गेल्यावर, बऱ्याचदा कित्येक वर्षांनी, सांगोवांगी लिहिलेली हकीकत. पत्र म्हणजे त्या दिवशी, त्या माणसानं, त्या गावाहून लिहिलेलं. पानिपतावर काय झालं ते साठ वर्षांनंतरच्या सुरस कहाणीतून घ्यायचं की तिथून आलेल्या पत्रातून? माझं मत राजवाड्यांच्या बाजूनं आहे, जरी त्यांची काही अनुमानं पुढच्या अभ्यासकांनी मोडीत काढली तरी. कारण त्यांनी पत्रं छापून ठेवली, म्हणून तर त्यांना खोडून काढता आलं.

या मोडी कागदांची एक करामत मला फार आवडते. मजकूर लांबला की कागदाखाली कागद चिकटवायचा, अशी लांबच लांब पट्टी व्हायची. मग कुणी मधला तुकडा काढून दुसरा चिकटवला तर? म्हणून जोडावर मागून शिक्का मारायचे, अर्धा या कागदावर, अर्धा त्या. आणि मजकूर संपला की लगेच खाली मोर्तब, म्हणजे समाप्तीचा छोटा शिक्का. त्याच्याखाली कुणाला एक ओळ वाढवता येऊ नये. आपण अजूनही म्हणतो ना, 'शिक्कामोर्तब झालं', ते हेच.

आता टॅबवरचा लांब स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉट काढल्यावर खाली बाणाचं चिन्ह येतं, ते दाबत राहिलं की पान सरकतं आणि एकाखाली एक तुकडे जोडून लांब चित्र तयार होतं. सॅमसंग वगैरेंनी हे आधीच दिलं होतं, अँड्रॉइडमध्ये सगळ्यांसाठी ते २०२१ मध्ये, बाराव्या आवृत्तीत आलं. आयपॅडवर सफारीतल्या पानाचा स्क्रीनशॉट काढला की वर 'फुल पेज' असा पर्याय येतो, पूर्ण पान पीडीएफ होतं. मोठी चॅट, निकालाची यादी, अर्जाची पूर्ण पावती, यांना हाच प्रकार चांगला. मोडी पट्टीचीच ही पद्धत, पण जोडावर शिक्का नाही. चॅटमधला मधला मेसेज डिलीट करून मग लांब स्क्रीनशॉट काढला, तर जोड कुठेच दिसणार नाही.

आणि कापणं. सॅमसंगच्या पेननं 'स्मार्ट सिलेक्ट' करून हवा तेवढाच भाग उचलता येतो. ॲपल पेन्सिल खालच्या कोपऱ्यातून आत ओढली की स्क्रीनशॉट निघतो आणि लगेच कापायची, खुणा करायची सोय समोर येते. अभ्यासाच्या नोट्स करायला हे झकास आहे, यूट्यूबवरच्या गणिताच्या शिक्षकांचा फळाच तेवढा उचला, खालच्या कमेंट कशाला! पण भांडणाचा, पैशाचा, सरकारी कामाचा स्क्रीनशॉट असेल तर कापू नका. वरची पट्टी, वेळ, पत्ता, समोरच्याचं नाव हे सगळं राहू द्या. कापायचाच असेल तर प्रत करून ती कापा. उलटा धोकाही आहे: २०२३ मध्ये उघड झालं की गुगलच्या पिक्सेल फोनवर आणि विंडोजच्या एका स्निपिंग टूलमध्ये कापलेल्या स्क्रीनशॉटचा टाकून दिलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहत होता आणि तो परत मिळवता येत होता. ती चूक दुरुस्त केली गेली. पण बँकेचा नंबर कापला म्हणजे तो गेलाच, असं धरून चालू नका.

कोर्टाचं काय? शेजारच्या जालन्यातलं प्रकरण सांगते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावर वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण सीडीवर होतं, म्हणजे नक्कल. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावानं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल लागला. सोप्या भाषेत असं: ज्या यंत्रात नोंद झाली ते यंत्रच मालकानं कोर्टात आणून साक्ष दिली तर ते अस्सल. नक्कल आणायची असेल तर सोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू झाला, त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेली आकड्या-अक्षरांची ओळ. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ती ओळ बदलते. मोर्तबच की हे!

म्हणून दुकानात गिऱ्हाईक 'पेमेंट झालं' म्हणून स्क्रीनशॉट दाखवतो, तेव्हा दुकानदारानं तो बघून माल देऊ नये. तशी चित्रं बनवून देणारी ॲप आहेत. आपल्या खात्यात पैसे आले का, ते आपल्या मोबाइलवर बघायचं. आणि पीकविम्याचा अर्ज भरलाय, परीक्षेचा फॉर्म भरलाय, तर स्क्रीनशॉट काढाच, पण पावतीची पीडीएफही उतरवून घ्या. पोर्टलवरून आलेली पावती अस्सलच्या जास्त जवळ आहे. मग ती स्वतःच्या मेलवर टाका आणि घरातल्या अजून एकाच्या मोबाइलवर. क्रिस्टल पॅलेस आठवा.

काही पडदे टिपताच येत नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये स्क्रीनशॉट काढायला गेलात तर नकार येतो किंवा काळं चित्र येतं, सिनेमाच्या ॲपमध्येही तेच. ॲप बनवणाऱ्यानं मुद्दाम लावलेलं कुलूप आहे ते, तुमचा टॅब बिघडलेला नाही.

आणि काही गोष्टींना पडदाच नसतो. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी सुचायची, त्या म्हणायच्या, आणि म्हणून झालं की हवेत गेलं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ, दोघांनी त्यातली काही ऐकून वहीत उतरवून घेतली. बोली तीच, लेवा गणबोली, शब्द तेच. पुस्तकी मराठी करून 'सुधारली' नाहीत, आणि हे मला फार मोठं वाटतं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपल्याकडे आहेत ती वहीतली गाणी. कुणी जवळ नसताना म्हटलेली बाकीची गाणी शेतातच राहिली.

तुमच्या आजीला एखादी अहिराणी ओवी येत असेल, तर तिथे स्क्रीनशॉटचं बटण कामाचं नाही. त्याच टॅबवर आवाज रेकॉर्ड करायचं ॲप असतं, ते उघडा. सुरुवातीला आजीचं नाव, गाव आणि तारीख बोला, मग तिला म्हणू द्या.